जाऊ, म्हणजे कुठं?

आमच्या आत्यांना लकवा मारला तेव्हा त्यांच्या तोंडातले सगळे शब्द गेले आणि एकच राहिला. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या पाटोद्याच्या बाजूला सासूला आत्याच म्हणतात, मग ती बापाची बहीण असो की नसो. बोलण्यात जन्मभर कधी मागं न हटलेली बाई. शेजारणीच्या कोंबडीपासून सरपंचाच्या जावयापर्यंत प्रत्येकाबद्दल त्यांचं एक मत असायचं, आणि ते त्या वेशीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात मांडायच्या. एका सकाळी गोठ्यात म्हशीची धार काढता काढता त्यांची उजवी बाजू लुळी पडली. चरवी अर्धी भरलेली होती. बीडच्या दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्यांनी खाटेभोवती उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांकडं एकेक करून बघितलं आणि म्हणाल्या, "जाऊ."

"आई म्हणती, घरी जाऊ," माझे मोठे दीर म्हणाले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

डॉक्टर तरुण होता, बाहेरगावचा होता आणि सगळ्या म्हाताऱ्यांशी लहान लेकरांशी बोलावं तसा बोलायचा. "आजी, आत्ता नाही हं जायचं. अजून थोडे दिवस आमच्याकडंच राहायचं." आत्या दुधात पाणी घालणाऱ्याकडं जशा बघायच्या तशा त्याच्याकडं बघत राहिल्या. मग दुप्पट जोरानं म्हणाल्या, "जाऊ."

बाहेर नेऊन त्यानं आम्हाला समजावलं. मेंदूचा बोलण्याचा भाग दुखावलाय. काय म्हणायचंय ते त्यांना कळतंय, पण शब्द सापडत नाहीत. अशा वेळी एखादा शब्द तोंडात अडकून बसतो आणि माणूस तोच पुन्हा पुन्हा म्हणत राहतो. बाकीचे हळूहळू येतील. कदाचित येणारही नाहीत.

आमच्या घरात आत्या, त्यांचे दोन लेक आणि आम्ही दोघी सुना. लेकरं शिकायला बाहेर. मोठे दीर शेती आणि शेरडं बघतात. माझ्या नवऱ्याचं पाटोद्यात पाण्याच्या मोटारी दुरुस्तीचं दुकान आहे. मी तिथंच ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवते. मोठी जाऊ, जिला मी आक्का म्हणते, ती काही वर्षांपूर्वीपर्यंत नवऱ्याबरोबर ऊस तोडायला जायची. आता म्हशी सांभाळते, घर सांभाळते आणि मला 'मॅडम' म्हणते. अडून बसलेल्या बैलाला लोक जसं 'उठा सायेब' म्हणतात, तशा सुरात. आमच्यात भांडण नव्हतं. भांडायला वेळ लागतो आणि तो दोघींकडंही नव्हता.

दवाखान्यातून सोडल्यावर जीप करून आत्यांना घरी आणलं. अंगणात खाट टाकली. म्हशीनं लांबून हंबरून दाखवलं. मोठे दीर खाटेशी उकिडवे बसून म्हणाले, "आलो बघ आई घरी. झालं का समाधान?"

"जाऊ," आत्या म्हणाल्या.

मोठे दीर एरवी घरात फारसं बोलत नाहीत, पण आईचा शब्द खाली पडू द्यायचा नाही हे त्यांच्या रक्तात आहे. दोन दिवस विचार करून त्यांनी निकाल दिला की आईला माहेरी जायचंय. आत्यांचं माहेर नांदूरघाटच्या अंगाला. पुन्हा जीप आली. मागच्या सीटवर गादी अंथरली, मी आणि आक्का दोन्ही बाजूंनी आत्यांना धरून बसलो, आणि रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला आत्या आम्हा दोघींकडं असं बघायच्या की तो आम्हीच खणलाय.

माहेरी आत्यांचे थोरले भाऊ होते. त्यांनी बहिणीला उतरवून घेतलं, पाय धुतले, नवी शाल पांघरली, गळ्यात पडून रडले. आत्याही रडल्या. मग त्यांनी आजूबाजूला जमलेल्या सगळ्या बायका नीट निरखून बघितल्या, कुणाला तरी शोधावं तशा, आणि डावा हात दाराकडं करून म्हणाल्या, "जाऊ."

"कावून गं?" मामांचं तोंड उतरलं. "आत्ता तर आलीस. आमचं काय चुकलं?"

त्यांना समजावता समजावता आमचा जेवणाचा वखत टळला. पुढच्या हप्त्यात आत्यांना शेतात नेलं, कडुनिंबाखाली बसवलं. जाऊ. गावदेवीच्या देवळात नेलं. पुजाऱ्यानं अंगारा लावला, त्यालाही आत्यांनी तेच ऐकवलं. तो म्हणाला, "थांबा की, नारळ तरी फोडू द्या." जीपवाल्या पोराला आता आमच्या घरची इतकी सवय झाली होती की तो सकाळी स्वतःच विचारायला यायचा, आज आजी कुठं जाऊ म्हणते.

शेवटी गल्लीतल्या एका म्हातारीनं सगळ्यांच्या मनात येऊन गेलेलं बोलून टाकलं. "तुमाला कळत कसं न्हाई रे? ती वर जाऊ म्हणती. जीव कशात तरी अडकलाय तिचा."

झालं. दुसऱ्या दिवसापासून लोक शेवटचं बघायला यायला लागले. पाटोद्याचे आले, मामांकडचे आले, ज्यांच्याशी आमचं नातं काय ते कुणालाच आठवेना असेही आले. प्रत्येकजण खाटेशी बसून आत्यांचा हात हातात घ्यायचा आणि त्यांच्या देखतच त्यांच्याबद्दल भूतकाळात बोलायचा. लई चांगली व्हती. हाताला लई चव व्हती. आत्या ऐकत असायच्या, आणि हाताच्या चवीचं निघालं की त्यांच्या अर्ध्या चेहऱ्यावर समाधान दिसायचं. दुसरा अर्धा हलत नव्हता. एका पाहुणीनं घरून आणलेलं तुळशीचं पान त्यांच्या तोंडात ठेवलं. आत्यांनी ते चावून बाजूला थुंकलं आणि डाव्या हातानं भाकरीची खूण केली.

"मरायला निघालेलं माणूस दीड भाकर खात न्हाई," आक्का चहाचं भांडं घासत म्हणाली. येईल त्याला चहा करून करून तिचा जीव मेटाकुटीला आला होता. "पर आमचं कोन ऐकतंय."

त्याच दिवसांत मी एक कोर्स करत होते. आम्हा शिक्षकांना असे कोर्स करावेच लागतात. मोबाईलवर असतात. आपण हजर आहोत असं दाखवायचं, आवाज बंद ठेवायचा आणि स्वयंपाक उरकायचा. हा कोर्स भाषेच्या इतिहासाचा होता. शिकवणारे सर पुण्याचे. विद्वान माणूस, पण त्यांचा कॅमेरा कायम छताकडं असायचा, त्यामुळं सगळा कोर्स मी त्यांच्या पंख्याकडून शिकले.

पंखा सांगत होता की पाच-सहा हजार वर्षांमागं, काळ्या समुद्राच्या वरच्या अंगाला गवताळ रानात काही लोक राहायचे. गुरं पाळायचे, घोडे ठेवायचे, गाड्यांतून फिरायचे. त्यांनी एक अक्षर लिहून ठेवलेलं नाही. पण त्यांच्या भाषेच्या लेकी जगभर नांदायला गेल्या, आणि त्या लेकींची तोंडं एकमेकींशी जुळवून पंडितांनी आईचं तोंड कसं असेल ते ताडलंय. असा ताडलेला शब्द लिहिताना त्याच्या आधी एक चांदणी काढतात. चांदणीचा अर्थ असा, की हा शब्द कुणी पाहिलेला नाही, कुणी ऐकलेला नाही, पण आमच्यावर विश्वास ठेवा.

त्या दिवशी विषय नात्यांचा होता. मी गवारीच्या शेंगा मोडत बसले होते. सासू, सासरा, दीर, सून, जावई, हे सगळे शब्द म्हणे त्याच रानातून आलेले. संस्कृतात श्वश्रू होती तिची सासू झाली, स्नुषेची सून झाली, देवराचा दीर झाला. लॅटिनवाल्यांकडं, रशियनांकडं हीच मंडळी वेगळे कपडे घालून बसलेली. मला आजवर वाटायचं की सासू हा प्रकार आमच्या तालुक्यातलाच. गंमत म्हणजे, सर म्हणाले, नवऱ्याच्या घरच्या माणसांसाठी त्या लोकांकडं इतके नेमके शब्द आहेत, पण बायकोच्या घरच्यांसाठी असे शब्द शोधायला गेलं तर हाती फारसं काही लागत नाही. म्हणजे पोरगी गाडीत बसून सासरी जायची आणि तिथं कोण कुणाचं कोण ते तिला पाठ करावं लागायचं. नवऱ्याला काही पाठ करायचं नव्हतं. तो आपला आईजवळ.

मग सरांनी पडद्यावर चांदणी काढून लिहिलं: येनातेर. अर्थ, नवऱ्याच्या भावाची बायको. जुन्या ग्रीकमध्ये एनातेर, लिथुआनियात येन्ते, इराणात आजही जारी म्हणतात. लॅटिनमध्ये यानित्रिकेस, पण तिथं तो शब्द फक्त अनेकवचनात सापडतो. इंग्रजांनी मात्र तो वाटेत कुठंतरी सांडला. म्हणून आपल्याकडच्या इंग्रजी बोलणाऱ्या बायकांना गरजेपोटी 'को-सिस्टर' असा शब्द जोडून घ्यावा लागला. संस्कृतात यातृ.

"आणि मराठीत या शब्दाचं काय झालं?" सर म्हणाले. "चॅटमध्ये लिहा बरं."

कुणीच लिहीना. एकानं लिहिलं, 'हजर सर.' मला त्या पंख्याची दया आली. मी हात पदराला पुसले आणि टाईप केलं: जाऊ.

पाठवलं, आणि मग तो शब्द मला पडद्यावर दिसला. एकटाच. पुढं 'घरी' नाही, मागं 'चला' नाही. क्रियापद नाही, नाम. पलीकडच्या खोलीतून नेमका आत्यांचा आवाज आला, तोच, आता जरा थकलेला. महिना झाला, ती बाई आम्हाला एक माणूस मागत होती आणि आम्ही तिला तालुकाभर फिरवत होतो.

गवारी तिथंच राहिली. सरही तिथंच राहिले. मी आधी नवऱ्याला दुकानात फोन केला. सगळं ऐकून तो म्हणाला, "तुला कोर्स चढलाय. डोकं दुखत असंल तर गोळी घे." मग मी गोठ्यात गेले. आक्का म्हशीला पेंड घालत होती. मी सांगितलं. गवताळ रान वगळून, नुसतं एवढंच, की जाऊ म्हणजे जायचं नाही, जाऊ म्हणजे जाऊ.

आक्काचा हात पाटीतच थांबला. "आत्याला जाऊ हाय की," ती म्हणाली. "उमापूरला."

चुलत सासऱ्यांचं घर वेगळं झालं होतं हे मला माहीत होतं. पण ते माझ्या लग्नाच्या आधीचं, आणि तो विषय निघाला की घरातले पुरुष आवाज खाली आणायचे. त्यामुळं मी समजत होते की शेताचा बांध, कोर्टकचेरी, काहीतरी भारी असेल. आक्का तिथंच पेंडीच्या पोत्यावर बसली आणि तिनं सांगितलं. ती त्या वेळी नवीन होती. तिच्या पहिल्या लेकराचं बारसं होतं, तिच्या माहेरची माणसं पंगतीला बसली होती. भाकरी आत्यांनी थापल्या होत्या. वाढणाऱ्या काकी, म्हणजे आत्यांची धाकटी जाऊ, ताटात भाकर ठेवता ठेवता आक्काच्या आईला हसून म्हणाल्या, "घ्या इनबाई, आमच्या थोरलीच्या गवऱ्या."

"एवढंच?"

"एवढंच. पर इनीच्या म्होरं. त्या दिसापासनं आत्यानं तिचं नाव घेतलं न्हाई. घ्यायचीच येळ आली तर 'जाऊ' म्हणायच्या. सालभरात चूल येगळी झाली. मग काकीचं पोरगं उमापूरला दुकानात लागलं अन् ते समदे तिकडं गेले. चुलत सासरे वारले तवा आत्या गेल्या व्हत्या. कोपऱ्यात बसल्या, रडल्या अन् न बोलता माघारी आल्या."

आम्ही दोघी आत गेलो. आक्का खाटेवर वाकली. "आत्या, जाऊ म्हंजी उमापूरची?"

आत्यांनी डोळे मिटले. मग उघडले आणि चांगल्या हातानं आक्काच्या गालावर एक चापट मारली. हलकीच, पण चापटच. नंतर मला जवळ बोलावून मलाही मारली.

मोठे दीर उमापूरला जायला तयार होईनात. "ते लोक आपल्याला काय काय बोललेत, माहिती हाय का?" ते म्हणाले. काय बोलले होते ते त्यांनाही आठवत नव्हतं, पण बोलले होते हे पक्कं होतं. माझा नवरा म्हणाला, दुकान सोडून येता येणार नाही. दोन्ही भावांचं असं एकमत फार वर्षांनी झालं होतं. म्हणून मी आणि आक्काच निघालो. एसटीनं बीड, तिथून गेवराई, तिथून पुढं उमापूर. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण आम्ही दोघी एका बाकावर बसून कुठं गेलो असं ते पहिल्यांदाच.

बीड सुटल्यावर आक्का म्हणाली, "मॅडम, तुला ह्ये कळलं कसं पर?"

मग मी तिला गवताळ रान सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं.

"म्हंजी ते बी गाड्या घिऊन फिरायचे. ऊस तोडीत व्हते का?"

"ऊस नव्हता तिकडं."

"मंग कशापायी फिरायचं?"

"गुरांना चारा शोधत."

"मुकादम?"

"नसावा."

"मंग बरं व्हतं त्यांचं," आक्का म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. थोड्या वेळानं म्हणाली, "अन् जावा?"

"होत्या. शब्द आहे म्हणजे होत्याच."

"एका गाडीत?"

"एका गाडीत असतील, नाहीतर मागंपुढं."

"भांडत असत्याल," आक्का म्हणाली. तिच्या बोलण्यात शंका नव्हती.

उमापूरला काकींचं घर विचारत गेलो. दारातच एक बारकी, सुकलेली म्हातारी सुपात तुरीची डाळ घोळत बसली होती. आक्कानं पाया पडून ओळख सांगितली. काकींनी सूप खाली ठेवलं नाही.

"सासू मेली का तुझी?"

"न्हाई, काकी."

"मंग कावून आलीस?"

आक्कानं सांगितलं. लकवा, दवाखाना, जीप, नांदूरघाट, देऊळ, तुळशीचं पान. काकी ऐकत होत्या आणि त्यांची बोटं डाळीतले खडे वेचत होती. सांगून झालं तरी वेचतच राहिल्या. मग म्हणाल्या, "समदे शब्द गेले अन् मी ऱ्हायले?"

"व्हय."

"म्हंजी अक्कल ठिकाणावर हाय तिची." सूप खाली आलं. "मी गवरी म्हणलेच न्हवते. 'जाड' म्हणले व्हते. 'जरा जाड झाली, चालवून घ्या' म्हणले. गवरी तिनंच ऐकली."

मी मराठीची शिक्षिका. अर्थाचा असा वाद समोर आला की मला मध्ये पडायची सवय आहे. पण आक्कानं माझ्या पायावर पाय ठेवला.

काकी आल्या, पण अटीवर. एकच दिवस राहणार. आणि बाजरीचं पीठ घरून घेणार, त्या घरच्या भाकरी खाणार नाही. "काकी, आत्याला हातच उचलत न्हाई, ती कुठली भाकरी करती," आक्का म्हणाली. काकींनी आम्हा दोघींकडं बघितलं. "तुमी तिच्याच हाताखाली शिकलात ना?" पिठाची पिशवी मी मांडीवर घेऊन बसले. गेवराईपासून पाटोद्यापर्यंत माझ्या साडीवर बाजरी सांडत होती.

आम्ही पोचलो तेव्हा दुपार कलली होती. आत्या खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. काकी उंबऱ्यात उभ्या राहिल्या. दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. काकींच्या मनात जी बाई होती ती धिप्पाड असणार. खाटेवर होती तिचं अर्धं तोंड ओघळलेलं होतं आणि केसांच्या जटा झाल्या होत्या. काकी हळूहळू आल्या आणि खाटेच्या कडेला टेकल्या.

आत्यांचे ओठ हलायला लागले. मोठे दीर रानातून आले होते, ते दाराशी टोपी हातात घेऊन उभे राहिले. आम्हाला वाटलं आता रडणार.

"ग," आत्या म्हणाल्या. "ग... ग..."

"गवरी म्हणायचंय का तुला?" काकी म्हणाल्या.

"गवरी," आत्या म्हणाल्या. स्वच्छ. महिनाभरातला त्यांचा दुसरा शब्द.

"मी जाड म्हणले व्हते."

"गवरी."

"जाड."

"गवरी."

"देवाची आन घिऊन सांगते, जाड."

"गवरी," आत्या म्हणाल्या आणि डाव्या हाताची मूठ खाटेवर आपटली.

"काकी, आईला तरास व्हईल—" मोठे दीर पुढं सरसावले. आक्कानं त्यांचा सदरा धरून त्यांना बाहेर ओढलं. चार माणसांत नवऱ्याला हात लावताना मी तिला पहिल्यांदाच बघितलं. आम्ही तिघं ओसरीवर बसून ऐकत राहिलो. आत गवरी आणि जाड, जाड आणि गवरी, चाललंच होतं. मग थांबलं. मी डोकावले तर काकी पदरानं नाक पुसत होत्या आणि आत्यांच्या डोळ्यांतून एका बाजूनं पाणी येत होतं. काकींनी मला बघितलं. "डोक्याचं काय करून ठेवलंय हिच्या? तेल न्हाई का ह्या घरात?"

मी तेल आणलं. काकींनी जटा सोडवायला घेतल्या. जोरात ओढल्या की आत्या "गवरी" म्हणायच्या.

एक दिवसासाठी आलेल्या काकी राहिल्या. घरून आणलेलं पीठ संपलं, मग न बोलता आमचं खायला लागल्या, आणि भाकरी कशी थापायची ते आम्हा दोघींना नव्यानं शिकवायला लागल्या. आत्या खाटेवरून बघायच्या आणि मान हलवून नाही म्हणायच्या. सकाळपासून दोघींचं जुंपायचं. आत्यांना शब्द परत यायला लागले आणि कोणत्या क्रमानं आले ते मी कान देऊन ऐकलं, कोर्सचा एवढा तरी उपयोग. आधी आली 'भवानी'. मग 'सटवी'. मग एक शब्द आला जो मी इथं लिहिणार नाही. तो ऐकून काकी खूश झाल्या, कारण तो त्यांच्या सासूचा खास शब्द होता आणि दोघींनी तो तरुणपणी एकाच चुलीपाशी खाल्लेला होता. शिव्या संपल्यावर भाज्या आल्या. मग जनावरं. मग 'न्हाई', आणि 'न्हाई' आल्यावर त्यांना बाकी शब्दांची फारशी गरजच पडेना.

बीडला तपासायला नेलं तेव्हा डॉक्टर खूश झाला. शिव्या लवकर येतात, म्हणाला, त्यांची मेंदूतली वाट वेगळी असते. पण इतक्या झपाट्यानं? "कोणती थेरपी केलीत?"

"जाऊ आणली," आक्का म्हणाली.

"कुठं जाऊ?" डॉक्टर म्हणाला.

पुढच्या तासाला मी सरांना हे सगळं सांगितलं, पहिल्यांदाच आवाज चालू करून. सर इतके हरखले की कॅमेरा हलला आणि एक क्षण मला त्यांची हनुवटी दिसली. त्यांनी आत्यांच्या प्रकृतीची चौकशी केली, मग म्हणाले, "उच्चारताना शेवटचा ऊ त्या दीर्घ ठेवायच्या का?" मी म्हणाले, फार दीर्घ. आणि इतके दिवस माझ्या डोक्यात घोळणारी एक गोष्ट मी त्यांना विचारली. लॅटिनमध्ये तो शब्द फक्त अनेकवचनात सापडतो, असं का? ते म्हणाले, जुन्या लिखाणात जिथं कुठं येतो तिथं तसाच येतो, एकटीसाठी वापरलेला हाती लागलेला नाही, योगायोगही असेल. मला तो योगायोग वाटत नाही. सासूला सून असते, सुनेला सासू. एक वर, एक खाली, कुणी कुणाला काय बोलायचं ते ठरलेलं. पण जावेची जाऊ ही जाऊच. दोघींना एकच शब्द, दोघी एकाच पायरीवर, आणि पायरी अरुंद.

माझं आणि आक्काचं काही गळ्यात गळा घालण्यापर्यंत गेलं नाही. उलट आम्ही पहिल्यांदा नीट भांडलो ते त्यानंतरच, गोठ्यातला नळ कुणी चालू ठेवला यावरून. चांगला वेळ काढून भांडलो. तिनं माझ्या सगळ्या शिक्षणाचा हिशेब काढला आणि मी तिच्या म्हशींचा. आत्या आणि काकी खाटेवर बसून ऐकत होत्या, मध्ये कुणी पडलं नाही. संध्याकाळी आक्कानं चहा दिला तो नेहमीसारखाच अगोड होता.

नातसुनेचं बाळंतपण आलं तेव्हा काकी उमापूरला परत गेल्या. जाताना दोघी जास्त काही बोलल्या नाहीत. काकी आता अधूनमधून एसटीनं येतात, कधी आठ दिवस राहतात, कधी रागावून दुसऱ्याच दिवशी निघतात. मधल्या दिवसांत माझा नवरा दोघींना व्हिडिओ कॉल लावून देतो. दोघीही मोबाईल कानाला लावतात, त्यामुळं इकडं काकींचा कान दिसतो आणि तिकडं आत्यांचा. तसं करू नका म्हणून आम्ही सांगून थकलो.

आत्या आता काठी घेऊन गोठ्यापर्यंत जातात. बोलणं तुटक आहे, पण गल्लीतल्या कोंबड्यांबद्दल पुन्हा मत देण्याइतकं आहे. तुळशीचं पान आणणारी पाहुणी परवा येऊन गेली, तिला तिच्या तोंडावर दोन शब्द ऐकवले. आमची दोघींची नावं येतात, कधी एकमेकींत बदलतात. फक्त लेकांची नावं अजून येत नाहीत. दोघांनाही त्या 'ए' म्हणतात. डॉक्टर म्हणतो, येतील, धीर धरा. माझ्या नवऱ्यानं ते मनावर घेतलेलं नाही. मोठ्या दीरांनी घेतलंय. रोज सकाळी धार काढून झाली की ते खाटेसमोर मांडी घालून बसतात, आईच्या तोंडाकडं बघत स्वतःचं नाव सावकाश, तोडून तोडून म्हणतात, आणि थांबतात. आत्या लक्ष देऊन ऐकतात. ओठ हलवून बघतात. मग म्हणतात, "चहा."

ते उठतात आणि चहा आणायला जातात.